गोव्यात कॅम्पसाइट काढली तर घर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातली नोकरी सोडायची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुणाची तरी बाग भाड्याने घ्यायची, दहा तंबू टाकायचे, एवढ्यावर घर चालेल का आणि परवाने कुठले लागतात? वाळपईच्या बाजूला, आमच्या कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून मी हाच धंदा करतो, म्हणून लिहितोय. नुसत्या तंबूंवर घर चालणार नाही. आमचं चालतं, कारण सुपारी-नारळाचं उत्पन्न जोडीला आहे आणि जागा घरची आहे.

हिशेबच मांडतो. दहा तंबू, तंबूत दोघं, जेवणखाण धरून माणशी दीड हजार. शनिवार पूर्ण भरला तर तीस हजार. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे २६ शनिवार. एकही रिकामा गेला नाही असं धरलं (जातो!) तरी ७ लाख ८० हजार. माणशी ४०० रुपये शिधा आणि गॅस, म्हणजे दोन लाखांवर गेले. दोन माणसं बारा महिने ठेवावी लागतात, कारण हंगामापुरता ठेवलेला माणूस ऐन डिसेंबरात किनाऱ्यावरच्या हॉटेलात जास्त पगारावर निघून जातो. महिना पंधरा हजार धरले तरी दोघांचे वर्षाला ३ लाख ६० हजार. राहिले दोन लाख आणि थोडे. त्यातून बुकिंग पोर्टलचं कमिशन, वीज, दुरुस्ती आणि तुमच्या बाबतीत जागेचं भाडं. मधल्या वारी शाळेची सहल किंवा कंपनीचा गट आला तर बरं, नाताळच्या आठवड्यात दर चढा लावता येतो. पण त्या भरवशावर घराचा हप्ता घेऊ नका.

लोक तंबूंची किंमत काढत बसतात. तंबू ही यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. पैसा खातात ते संडास. वीस माणसं सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान एकदमच उठतात, त्यांना पाणी लागतं, गरम पाणी लागतं, आणि रात्री दोनला कुणीतरी कमोडमध्ये ओले टिश्यू टाकून तो तुंबवलेला असतो. हात घालायची तयारी हवी, तुमची स्वतःची. सत्तरीतला पाऊस तर गोव्यात नावाजलेला. जुलैत जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की शोषखड्डा पाणी पीतच नाही, सेप्टिक टाकी उलटी भरते. म्हणून टाकी कुठे खणायची हे उन्हाळ्यात ठरवू नये.

दुसरी नेहमीची तक्रार: ‘तुमचा तंबू गळतो.’ डिसेंबर-जानेवारीत पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने थेंब ओघळतात, पांघरूण ओलं होतं. पाऊस तर नसतो. दोन माणसं रात्रभर बंद तंबूत श्वास टाकतात, ती वाफ थंड कापडावर धरते. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी हे जास्तच, कारण तिथली हवा दमट आणि गार, आणि पाहुण्याला नेमकी तीच जागा हवी असते. उपाय साधा आहे. वरचं कापड आतल्या तंबूला टेकू न देता ताणून बांधायचं, वरच्या जाळ्या उघड्या ठेवायच्या आणि तंबू व्हाळापासून थोडे वर, वाऱ्याला लावायचे. पण पाहुणा थंडी वाजते म्हणून जाळ्या आतून बंद करतो आणि सकाळी रेटिंग देतो. आणखी एक, माडाखाली तंबू कधीच नाही. फोटो छान येतो, पण नारळ आणि चुडत (झावळी) कधी पडेल ते सांगून पडत नाही.

आता ज्याबद्दल जाहिरातीत कुणी लिहीत नाही ते. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, माणसं गेलीत. हा रोग गोचिडीतून येतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे बराचसा तुमचाच हंगाम. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना त्याची झळ जास्त बसली. त्यामुळे तंबूंभोवतीचा पातेरा (वाळका पाला) रोज झाडून काढायचा, जमिनीवर बसू द्यायचं नाही, रानात जाणाऱ्याला पूर्ण बाह्या आणि मोजे घालायला लावायचे. आजूबाजूला माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. हे पाहुण्याला आल्याआल्या सांगावं लागतं. एखादा घाबरून परत जातो, जाऊ दे.

शेकोटीचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. तेव्हापासून फेब्रुवारी उजाडला की आमच्याकडे शेकोटी बंद. त्याआधीही लोखंडी घमेल्यात, बाजूला पाण्याची बादली. पाहुणे धबधब्यावर न्या म्हणून हट्ट करतात, पण अभयारण्यातल्या धबधब्यांवर वनखात्याने २०२३ च्या पावसाळ्यात बंदी घातली होती, तेव्हा त्या दिवशीचा हुकूम काय आहे ते विचारल्याशिवाय कुणाला नेऊ नका.

परवान्यांचं थोडक्यात. ‘तंबू तात्पुरते, मग परवाना कशाला?’ हे ऐकू नका. पाहुणे ठेवायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी, पंचायतीचा परवाना, जेवण देता म्हणून एफएसएसएआयचा अन्नपरवाना. संडास-स्वयंपाकघर हे बांधकामच, त्याला जमिनीची सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) आणि नगरनियोजन खातं आलं. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची. दारू विकायची तर अबकारी परवाना. आम्ही विकतच नाही, डोकेदुखी कमी. रात्री दहानंतर स्पीकर बंद, कायद्याने आणि गावानेही. गावाशी बिनसलं तर परवाने फ्रेम करून भिंतीवर लावा, काही उपयोग नाही. आमच्याकडे स्वयंपाक गावातल्या बचतगटाच्या बायका करतात, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) आणि उकड्या तांदळाचं जेवण त्यांच्याच हातचं. स्पीकरची पहिली तक्रारही त्यांच्याकडूनच येते.

जागा भाड्याने घेताना एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढून सगळी नावं वाचा. इथे एका बागेला भाऊ-बहिणी, चुलत भाऊ असे कितीतरी मालक असतात, त्यातले काही मुंबईत, काही पोर्तुगालात. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून दोघांच्याही सह्या घ्या. वकील गोव्यातलाच करा, पुण्याचा नको. भातशेत कुणी विकत देतो म्हणाला तर २०२३ च्या कायद्याने ते बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही हे लक्षात असू द्या. आणि जागा जुलैत बघा, जानेवारीत सगळ्याच जागा सुंदर दिसतात.

नोकरी लगेच सोडू नका. डिसेंबरात आमच्याकडे माणूस कमीच पडतो. रजा काढून दोन आठवडे कामाला या, राहणं-जेवण आमच्याकडे, रोजंदारीही देईन. मेसेज करा.