'साइन'चं मूळ शोधताना

नुसता उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती लावू नकोस. शब्द कोणाच्या हातून कुठे गेला ते बघ. त्रिकोणमितीतलं 'साइन'च घे. आधी वर्तुळ काढून त्यात जीवा ओढ. कंस हे धनुष्य, जीवा ही त्याची दोरी, म्हणजेच ज्या. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये तिचा अर्धा भाग, अर्धज्या, वापरला. पुढे नुसतं ज्या किंवा जीवा उरलं. अरबीत ते 'जीबा' झालं, पण लिहिताना स्वर गाळून फक्त 'ज-ब'. पुढच्यांनी वाचलं 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, ऊर. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं 'सायनस'. मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते: इथे ध्वनी पार तुटतो, अर्थ तेवढा पुढे जातो, तोही चुकून वाचलेला. आणि हो, नाकाचं सायनसही त्याच लॅटिन शब्दातलं.