एन्क्रिप्टेड आकड्यांची वजाबाकी केल्यावर उणे उत्तर जातं कुठे?

तुमचा प्रश्न असा: पायिये पद्धतीनं (आकडे न उलगडता त्यांची बेरीज-वजाबाकी करू देणारं एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केलेल्या 3 मधून 5 वजा केले, तर डिक्रिप्ट केल्यावर −2 न येता 617 अंकी राक्षस समोर येतो. लायब्ररी गंडली आहे का? दुसरी कुठली घेऊ?

लायब्ररी ठणठणीत आहे. हेच मी आमच्या लीडला सांगत होतो आणि त्यांनी ऐकलं नाही, म्हणून एवढं टंकतोय.

गोदामाची आवक-जावक एन्क्रिप्ट करून सर्व्हरवर ठेवायची, शिल्लक तिथेच काढायची, किल्ली मात्र ग्राहकाकडे, असं आमचं काम होतं. बेरजा चोख यायच्या. चुकून आवकेपेक्षा जावक जास्त नोंदली गेली की तुमच्यासारखाच अजस्र आकडा. लीडचं निदान: "यात वजाबाकी होतच नाही."

मी फळ्यावर गेलो. किल्ली बनवायला 3 आणि 5 याच अविभाज्य (प्राइम) संख्या घेतल्या, म्हणजे मॉड्युलस (त्यांचा गुणाकार; आकडे इथवर पोचले की पुन्हा 0 पासून सुरू) 15 आणि सायफरटेक्स्टचं, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या रूपाचं, सगळं गणित 15 च्या वर्गाच्या, 225 च्या बाकीत. 3 चं सायफरटेक्स्ट आलं 53, 5 चं 49. सायफरटेक्स्ट गुणले की आतल्या आकड्यांची बेरीज होते, म्हणून दोन्ही गुणले, 225 नी भागून बाकी 122. डिक्रिप्ट केलं, 8. झाली बेरीज. वजाबाकीला 49 ऐवजी त्याचा व्यस्त घ्यायचा, 124 (49 × 124 ला 225 नी भागलं की बाकी 1 उरते). 53 × 124 ची बाकी 47, डिक्रिप्ट केल्यावर 13. आणि 15 च्या घड्याळात 13 म्हणजेच −2!

लीड म्हणाले, "हे खेळण्यातलं गणित झालं." आणि अख्खा प्रोजेक्ट बीएफव्हीवर (एन्क्रिप्टेड आकड्यांचा गुणाकारही करू देणारी, पूर्ण होमोमॉर्फिक म्हणतात ती पद्धत) नेला. गुणाकार आम्हाला एकही करायचा नव्हता, तरी. काही महिने त्यात गेले. मग पहिल्याच चाचणीत 3 − 5 = 65535. "सोळा बिटांचा ओव्हरफ्लो!" लीड ओरडले. प्लेनटेक्स्ट मॉड्युलस (आतल्या, मूळ आकड्यांचं घड्याळ) 65537 ठेवला होता. त्यातून 2 वजा करून बघा. या वेळी मी फळ्यापाशी गेलोच नाही.

तर तुम्ही एवढंच करा: डिक्रिप्ट झालेला आकडा मॉड्युलसच्या निम्म्याहून मोठा असला, तर त्यातून मॉड्युलस वजा करा. एका ओळीचं काम आहे. नुसती बेरीज-वजाबाकी हवी असेल तर 1999 सालची पायिये पुरून उरते. आधुनिक दिसावं म्हणून पूर्ण होमोमॉर्फिक पद्धत गळ्यात बांधून घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

बरं, उद्या दोन एन्क्रिप्टेड आकडे एकमेकांशी गुणायचे झाले, तर मात्र पायिये कामाची नाही, तिथे लीड बरोबर ठरले असते. अपूर्णांक असतील तर आधी 100 नी वगैरे गुणून पूर्णांक करून घ्या. आणि सार्वजनिक किल्ली (नुसती एन्क्रिप्ट करायची, उघड ठेवलेली) हाती असलेला कुणीही तुमच्या सायफरटेक्स्टमध्ये गुपचूप 5 मिळवू शकतो, डिक्रिप्ट करताना ते कळणारही नाही. तेव्हा नोंदींवर डिजिटल सही वेगळी लावा. आम्ही ती लावली नव्हती. ती चूक माझी.