हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

प्रश्न असा आला आहे: "१,४२,८५७ ही हर्षद संख्या आहे असं वाचलं. हा हर्षद कोण? आणि संख्या स्त्रीलिंगी, मग हर्षदा का नाही?"

हर्षद नावाचा कुणी गणिती नाही. हर्ष देणारा तो हर्षद. वरद, सुखद, दुःखद यांतला जो 'द', तोच इथे. ढग या अर्थाचा जलदही याच घरातला. (जलद गाडीतला जलद नव्हे हं, तो फारसीकडून आलाय.) संख्यांना हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, आणि नोकरी देवळालीला शाळामास्तरची. म्हणून कुठे 'हर्शद' किंवा 'हरशाद संख्या' छापलेलं दिसलं की समजावं, आपलाच शब्द रोमन लिपीतून फिरून आलाय.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. तुमच्या संख्येत १+४+२+८+५+७ म्हणजे २७. सत्तावीसने भागून पाहा: ५,२९१, बाकी शून्य.

आता लिंगाचं. संस्कृतात लिहीत असतो तर हर्षदाच लिहावं लागलं असतं, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पण मराठीत लिंगानुसार बदलतात ती चांगला, मोठा, काळा अशी आकारान्त विशेषणं. बाकीची जागची हलत नाहीत. आपण 'सुखद आठवण' म्हणतो, 'दुःखद घटना' म्हणतो. सम आणि विषम संख्याही कधी समा-विषमा झाल्या नाहीत. हर्षदा, सुखदा, वरदा उरल्या त्या मुलींच्या नावांत. तेव्हा संख्येचं बारसं करायचं नसेल, तर हर्षदच लिहा.

जाता जाता आणखी एक. हीच १,४२,८५७ 'कापरेकर संख्या'ही आहे. तिचा वर्ग २०,४०,८१,२२,४४९. उजवीकडचे सहा अंक तोडले की १,२२,४४९ आणि २०,४०८ असे दोन तुकडे पडतात. त्यांची बेरीज करा, पुन्हा १,४२,८५७ हजर!

६१७४ला मात्र सर्रास 'कापरेकर संख्या' म्हटलं जातं ते चूक. तो 'कापरेकर स्थिरांक'. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात फेऱ्यांत तिथे पोचता. वर्गाचे तुकडे करण्याच्या कसोटीत तो नापास होतो: ३८११ आणि ८२७६ची बेरीज १२,०८७ येते. हर्षद म्हणाल तर तो आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ बरोबर ६१७४.