नगरपरिषदेच्या बागा, ओपन स्पेस आणि दुभाजक सांभाळायला डिजिटल नकाशाचा खरंच उपयोग होतो का? सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खान्देशातल्या एका नगरपरिषदेत उद्यान विभागाचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे आलाय. काही बागा, कॉलन्यांमधल्या ओपन स्पेस, दोन रस्त्यांचे दुभाजक आणि अमरधाममधली झाडं, एवढं सांभाळायचं. माणसं मोजकी. त्यात एक कंपनी महागडं मॅपिंग सॉफ्टवेअर घेऊन आलीय. ते घ्यावं, की क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर भागेल?

क्यूजीआयएसवर भागेल. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका पालिकेसाठी हेच काम करतो: नकाशा, मोजमाप आणि माळ्यांच्या कामाचं वाटप. माझ्या मते सॉफ्टवेअर कुठलं हा दुय्यम मुद्दा आहे. नकाशावर काय काढायचं, यावर सगळं ठरतं. आणि ते माळ्याच्या कामाच्या हिशोबाने काढायचं, कार्यालयातल्या यादीच्या हिशोबाने नाही.

एक ओपन स्पेस घेऊन सांगतो. ले-आउट मंजूर करताना ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही ते आहे. समजा अशी एक जागा कागदावर २,००० चौरस मीटर आहे. एस्टिमेटमध्ये गवत कापणी २,००० चौरस मीटरची धरली जाते आणि बिलही तेवढ्याचंच निघतं. आता जागेवर जा. कडेने दोन मीटर रुंद, १६० मीटर लांब जॉगिंग ट्रॅक, म्हणजे ३२०. कोपऱ्यात देऊळ आणि त्याचा ओटा, १५०. मुलांच्या खेळण्यांखाली वाळू, १३०. ओपन जिमच्या फरश्या, ६०. बोअरवेलची खोली, २०. झाले ६८०. गवत उरलं १,३२०. एक तृतीयांश जागेवर गवतच नाही. आणि उरलेल्यातही देवळामागची पट्टी ब्रश कटरने होत नाही, तिथे विळाच चालवावा लागतो आणि वेळ दुपटीने जातो.

म्हणून मी 'अमुक ओपन स्पेस' असा एकच पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, काढत नाही. बाहेरची हद्द एका लेअरमध्ये (नकाशाच्या एका थरात) आणि आतले तुकडे दुसऱ्या लेअरमध्ये काढतो: हिरवळ, झुडपांचा वाफा, कुंपणाची मेंदी, ट्रॅक, खेळण्यांची जागा. जिथे काम बदलतं किंवा हत्यार बदलतं, तिथे तुकडा बदलतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक जागेवर रंगवून घ्या. असा नकाशा झाला की एस्टिमेट, ठेकेदाराचं मोजमाप पुस्तक आणि माळ्यांची वाटणी, तिन्ही एकाच आकड्यावर येतात. मोठी भांडणं तिथेच मिटतात.

तांत्रिक बाजू आता. प्रोजेक्ट उघडल्यावर पहिल्यांदा नकाशाची मोजमाप पद्धत म्हणून यूटीएम झोन ४३ उत्तर निवडा, कोड ३२६४३. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशाचा आहे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे पूर्ण त्यात बसतात, त्यामुळे मापं सरळ मीटरमध्ये मिळतात. नकाशाचा डेटा साठवायचे दोन फाइल प्रकार आहेत: शेपफाइलमध्ये ठेवू नका, जिओपॅकेजमध्ये ठेवा. शेपफाइलच्या रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं. 'झाडाचा प्रकार' लिहायला गेलात की तिसऱ्या अक्षराला जागा संपते. जिओपॅकेजला ही अडचण नाही, आणि सगळे लेअर एकाच फाइलमध्ये राहतात.

पायाभूत नकाशासाठी आधी घरपट्टी विभागात विचारा. बऱ्याच पालिकांनी मालमत्ता कराच्या सर्वेसाठी जीआयएस (संगणकावरचे) नकाशे करून घेतलेले असतात आणि ते एखाद्या हार्ड डिस्कमध्ये पडून असतात. नगररचनाकडे मंजूर ले-आउटच्या प्रती मिळतील. त्या स्कॅन करा आणि क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सर या साधनाने नकाशावर खऱ्या जागी बसवा. त्यासाठी रस्त्यांचे कोपरे धरा, झाडं किंवा कुंपणं धरू नका. उपग्रह चित्रावर आंधळा भरवसा ठेवू नका, ते काही मीटर सरकलेलं असू शकतं. दोन-चार पक्के कोपरे टेपने मोजून ताळा करा. आणि हद्दीवर अतिक्रमण दिसलं तरी तुमच्या स्क्रीनवरची रेघ दाखवून कोणाशी वाद घालू नका. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते. तुमचा नकाशा फक्त मोजणी कुठे मागवायची ते सांगतो.

दुभाजकांचं वेगळं आहे. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण तीन ते पाच मीटर चुकतो, इमारतींच्या किंवा झाडांच्या आड आणखी जास्त. दुभाजकावर रोपं दोन-तीन मीटरवर असतात. एकेक रोप बिंदूने काढायला गेलात तर कन्हेरीच्या जागी टिकोमा आणि टिकोमाच्या जागी कन्हेर अशी गत होते. त्यापेक्षा दिव्याच्या खांबांचे क्रमांक वापरा. 'खांब १२ ते खांब १८' हा एक तुकडा. मुकादमाला तो न सांगता सापडतो, आणि तक्रार करणाऱ्या माणसालाही खांबाचा नंबर वाचून सांगता येतो.

आता मुकादम. क्यूजीआयएसचा नकाशा मोबाइलवर न्यायला क्यूफील्ड नावाचं मोफत ॲप आहे. ते नेटशिवाय चालतं, संध्याकाळी कार्यालयात आल्यावर डेटा उतरवून घ्यायचा. आमच्या मुकादम आण्णांना पहिल्यांदा मोबाइल दाखवला तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, हाऊ नकाशा मना काय कामना शे?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या फॉर्ममध्ये तेव्हा रकानेच रकाने होते, आणि त्यातला एकही त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मग फॉर्म तीन गोष्टींवर आणला: काय काम केलं ते यादीतून निवडायचं, फोटो काढायचा, आणि वाटलं तर शेरा बोलून टाकायचा. तारीख-वेळ ॲप स्वतः टाकतं. यादीतले शब्दही त्यांचेच ठेवले: कापणी, निंदणी, आळं करणं, पाणी, छाटणी, कचरा उचल. 'मेंटेनन्स ॲक्टिव्हिटी टाइप' असल्या रकान्यात कोणी काही भरत नाही.

टेबलाची मांडणी नीट समजून घ्या, कारण नंतर ती बदलायला फार त्रास होतो. जागांचं टेबल वेगळं आणि भेटींचं वेगळं. तुकड्याच्या ओळीतच 'शेवटची कापणी' असा रकाना ठेवला तर नवी तारीख टाकताना जुनी पुसली जाते, आणि वर्षअखेरीला हातात काहीच राहत नाही. भेटींच्या टेबलात प्रत्येक कामाची नवी ओळ पडते: तुकडा क्रमांक, तारीख, काम, फोटो, शेरा. दोन्ही टेबलं तुकडा क्रमांकाने जोडा, क्यूजीआयएसमध्ये त्याला रिलेशन म्हणतात. मग शेवटच्या भेटीला किती दिवस झाले, त्यावर तुकड्यांना रंग देता येतो. पावसाळ्यात कापणीला पंधरा-वीस दिवसांची मुदत धरा, ती उलटली की तुकडा लाल. सोमवारी सकाळी तो नकाशा हजेरी शेडमध्ये लावला की 'आज कुठे जायचं' याची चर्चा पाच मिनिटांत संपते.

पण आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि कोवळ्या रोपांची मुळं त्या भेगांत उघडी पडतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं तिथे बागेला पाणी मागायचंही अवघड होतं. टँकरचा हिशोब नकाशावर करा. समजा टँकर ५,००० लिटरचा आहे आणि एका रोपाला २० लिटर द्यायचं ठरवलं, तर एका खेपेत २५० रोपं. टँकर कुठे भरतो तो बिंदू टाका, २५०-२५० रोपांचे पट्टे पाडा, आणि जो पट्टा भरायच्या जागेपासून सगळ्यात लांब आहे तिकडे लक्ष ठेवा. रोपं आधी तिथेच वाळतात, कारण शेवटची खेप राहून जाते. दोन-तीन उन्हाळ्यांचा डेटा साठला की पुढच्या लागवडीला कुठली जागा नको हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जिथे ठिबक आहे तिथे एक काम आवर्जून करा. चर बुजवायच्या आधी मेन लाइन आणि वॉल (व्हॉल्व्ह) नकाशावर घ्या, टेप टेकवून फोटो काढा. एकदा माती ओढली की पुढच्या माणसाची कुदळ नेमकी पाइपावरच पडते. आपल्या माळ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी केळी किंवा कपाशीला ठिबक असतं. लॅटरल, म्हणजे रोपांकडे जाणारी बारीक नळी, कुठून फुटते, ड्रिपर कशाने बंद पडतो हे त्यांना चांगलं कळतं. त्यांना फक्त तुमच्या बागेत पाइप कुठून गेलाय हे दिसायला हवं.

गाजर गवताचाही एक लेअर ठेवा. ते फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं असतं. फुलून बी पडलं की त्याच जागी पुढच्या पावसात पुन्हा येतं. म्हणून यंदा जिथे दिसलं ते पॉलिगॉन काढून ठेवा. पुढच्या वर्षी पहिला पाऊस झाला की त्याच जागा आधी बघायच्या.

मोठ्या झाडांची नोंद मात्र बिंदूनेच घ्या. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष धरली जातात. प्रजाती, छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर, वरून वीजतारा जातात का, खोडाभोवती काँक्रीट किती जवळ आलंय आणि फोटो, एवढं पुरे. काँक्रीटचा रकाना गाळू नका. रस्त्याचं काम करताना कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत फरशी घातली जाते, झाड काही वर्षं तग धरतं आणि एका वादळात आडवं होतं. ती यादी आधीच तयार असेल तर रस्त्याच्या एस्टिमेटमध्येच आळं सोडायला सांगता येतं. पण झाडांपासून सुरुवात करू नका. गणना लांबत जाते, उत्साह तिथेच संपतो आणि रोजच्या कापणीचा नकाशा तसाच राहतो. आधी तुकडे, मग झाडं.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे: माळ्यांच्या मोबाइलचं लाइव्ह लोकेशन बघत बसू नका. ज्या माणसाला आपल्यावर पाळत आहे असं वाटतं, तो फोटो काढायचा म्हणून काढतो आणि शेरा लिहायचं सोडतो. आणि खरी माहिती शेऱ्यातच असते: 'इथे रात्री बाटल्या फोडतात', 'वॉल गळतोय'. उलट हाच डेटा त्यांच्या बाजूने वापरा. कुठल्या प्रभागात किती चौरस मीटरला किती माणसं आहेत हे नकाशावर मांडलं की माणसं वाढवून मागणारी टिपणी मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवताना तुमच्याकडे आकडे असतात. बागेत चार माणसं आणि गावाबाहेरच्या बारा ओपन स्पेसना दोन, हे यादीत दिसत नाही, नकाशावर लगेच दिसतं.

आता त्या कंपनीचं. पाणीपुरवठा, भुयारी गटार, दिवाबत्ती असे सगळे विभाग एकाच सिस्टिमवर आणायचे असतील तर विकत घेण्याचा विचार जरूर करा. एकट्या उद्यान विभागासाठी गरज नाही. घ्यायचंच ठरलं तर तीन गोष्टी निविदेत लेखी असू द्या: डेटा पालिकेच्या मालकीचा राहील, तो केव्हाही जिओपॅकेजमध्ये पूर्ण उतरवून मिळेल, फोटोंसकट, आणि फॉर्मचे रकाने बदलायला दरवेळी पैसे पडणार नाहीत. ठेका संपल्यावर लॉगइन बंद होतं आणि सर्वेचा पैसा वाया जातो, असं होऊ देऊ नका. या तीन अटींवर ते काय म्हणतात ते आधी विचारा. तोवर तुमच्या सगळ्यात अवघड ओपन स्पेसचे तुकडे मुकादमाला सोबत घेऊन काढायला लागा. साधारण आठ जीबी रॅमचा कार्यालयातला संगणक त्याला पुरतो.