घराण्यात कोणालाच नसताना आईचं तोंड आणि हात आपोआप का हलतात?

तुम्ही लिहिलंय की आई ६२ वर्षांची, दारव्ह्याकडच्या खेड्यात राहते. दोनेक महिन्यांपासून ओठ-जीभ सारखी हलते, आता डावा हातही मधूनच उडतो. घराण्यात कोणाला असं नव्हतं, म्हणून गावात ‘बाहेरचं’ आहे म्हणतात. मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. न तपासता निदान सांगणार नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो.

आधी आईच्या औषधांची पिशवी खाटेवर उपडी करा. उलटीची मेटोक्लोप्रामाइड, चक्करची सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल, आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून चालणारी लेव्होसल्पिराइड. ही शेवटची फार लबाड. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या औषधांसोबत एकाच कॅप्सूलमध्ये असते, त्यामुळे स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. ही सगळी औषधं मेंदूत हालचाली सांभाळणाऱ्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. चार दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही; महिनोन्‌महिने चालू राहिली की म्हाताऱ्या माणसांत, त्यातही बायकांत, तोंड चालू होतं.

आमच्या ओपीडीत एक आजी आल्या. तोंड सुपारी चघळल्यासारखं चाललेलं. थुंकून या म्हटलं, तर तोंडात काहीच नाही! डॉक्टरनं थोड्या दिवसांसाठी लिहिलेली गॅसची गोळी मुलगा जुनी स्ट्रिप दाखवून मेडिकलवरून आणतच राहिला होता. असं औषध सापडलं तर ज्यांनी लिहिलं त्यांना विचारून थांबवा. मानसिक आजाराची गोळी तर परस्पर मुळीच बंद करू नका. थांबवल्यावर हालचाल काही दिवस वाढूही शकते, आणि ओसरायला कधी महिने लागतात. काहींची पूर्ण जात नाही, हेही खरं.

हात एकाच बाजूचा उडतोय, म्हणून शुगर आजच तपासा. साखर खूप चढली की म्हाताऱ्या बायकांत अर्ध्या अंगाची अशी हालचाल सुरू होते, आणि साखर उतरवली की बहुधा थांबते. हात अचानक, एका दिवसात उडायला लागला असेल तर मेंदूचा झटका (पक्षाघात) धरून तातडीनं न्या. थायरॉइडही तपासून घ्या.

कोणी लाखोळीच्या डाळीवर खापर फोडेल. तिनं पाय ताठतात, तोंड हलत नाही.

‘घराण्यात नाही’ यावर मात्र फार विसंबू नका. हंटिंग्टन हा अंग आपोआप हलवणारा आनुवंशिक आजार बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतो. आजोबा तरुणपणीच साप चावून गेले असतील तर त्यांच्यात तो होता की नाही, कोण सांगणार? त्याची रक्तावर जनुक तपासणी होते. विल्सनच्या आजारात (हाही आनुवंशिक, अंगात तांबं साठतं) तर आईबाप दोघंही धडधाकट असतात, आणि मामाच्या पोरीशी लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. पण तो बहुतेक तरुणांत दिसतो. शाळकरी पोराचं अंग असं उडत असतं, तर मी आधी घसादुखीनंतरच्या संधिवाताचा ताप शोधला असता, कारण तो हृदयाच्या झडपाही खराब करतो.

सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. जाण्याआधी हालचालीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, झोपेत ती थांबते का ते पाहा, आणि वर्षभरातल्या रिकाम्या स्ट्रिपाही सोबत न्या.