अनुदान हाती कधी पडते?

प्रश्न : आमची खाडीकाठी थोडी खाजण, म्हणजे भरतीचे पाणी येणारी जमीन आहे. तिथे तळे खोदून जिताडा मासा पाळावा आणि खाडीत शिनाण्यांची (एक प्रकारच्या शिंपल्यांची) शेतीही करून पाहावी, असा विचार आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत ४० टक्के अनुदान मिळते, असे ऐकले. ही रक्कम काम सुरू करण्याआधी मिळते का? पत्नीच्या नावे अर्ज केल्यास ६० टक्के मिळतील का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही, काम सुरू करण्याआधी पैसे मिळत नाहीत, आणि बहुतेकांचे गणित इथेच चुकते. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे, हे आपण ऐकले ते खरे. पण ते आधी स्वतः खर्च करून, कामाची पाहणी झाल्यावर टप्प्याटप्प्याने खात्यात जमा होते. शिवाय टक्केवारी आपल्या प्रत्यक्ष खर्चावर नव्हे, तर सरकारने ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेवर काढतात. निमखाऱ्या पाण्यातील नव्या तळ्यासाठी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा हेक्टरी ८ लाख रुपये धरली होती. समजा आपल्याला हेक्टरी ११ लाख लागले, तरी ४० टक्क्यांच्या हिशेबाने ३ लाख २० हजारच मिळतील आणि उरलेल्या ७ लाख ८० हजारांची तजवीज आपल्यालाच करावी लागेल. म्हणून आधी भांडवल उभे करावे आणि अनुदानाने तो भार नंतर हलका होईल, असे समजावे. बियाणे आणि खाद्य यांसाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यावसायिकांनाही खुले आहे. ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे कर्ज वेळेवर फेडल्यास व्याज प्रत्यक्षात ४ टक्क्यांवर येते.

पत्नीच्या नावे अर्ज जरूर करावा, मात्र निव्वळ टक्केवारीसाठी नको. जमिनीचा हक्क किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार, बँक खाते आणि कर्ज हे सारे त्यांच्या नावावर असायला हवे. मग फेडीची जबाबदारीही त्यांचीच राहते, हे घरात आधी बोलून घेतलेले बरे.

आता जागेविषयी. भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या पट्ट्यातील निमखाऱ्या पाण्याच्या मत्स्यशेतीला २००५ च्या कायद्यान्वये तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. नुसता सातबारा दाखवून ती टळत नाही. खाजणात कांदळवन उगवलेले असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ते तोडता येत नाही आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सोडावा लागतो. तळ्याचा नकाशा काढण्यापूर्वीच ही पाहणी करून घ्यावी.

शिनाण्यांच्या बाबतीत खरी अडचण पैशापेक्षा वेळेची आहे. खडकावरचे लहान शिनाणे गोळा करून दोरीभोवती सुती जाळीच्या कापडात गुंडाळतात. काही दिवसांत कापड कुजून जाते आणि तोवर शिनाणे आपल्या तंतूंनी दोरीला घट्ट धरतात. दोऱ्या पावसाळा ओसरल्यावर सोडायच्या आणि पुढचा पाऊस लागण्याआधी काढायच्या, कारण खाडीत गोडे पाणी भरले की क्षारता घटून शिनाणे मरतात. कार्यालयीन मंजुरी मात्र ऋतू पाहून येत नाही. ती फेब्रुवारीत हाती पडली, तर त्या वर्षीचा हंगाम गेलाच म्हणून समजा. शिंपलेशेतीच्या एका युनिटचा खर्च या योजनेत २० हजार रुपये धरलेला होता, म्हणजे ४० टक्क्यांनी ८ हजार. एवढ्यासाठी एकट्याने खेटे घालणे मला परवडणारे वाटत नाही. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी शिनाणे आणि कालवांची शेती एकत्र येऊन केली, तशी चार-पाच घरांनी मिळून केल्यास अनेक युनिटांचा एकत्रित प्रस्ताव जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात देता येईल. तो पावसाळ्यापूर्वीच दाखल करावा.