तुर्किये आणि आर्मेनिया यांचे संबंध कधी सुरळीत होतील का?

होतील, असं मला मनापासून वाटतं. पण खरी मेख अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत आहे.

आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथून तासाभरावर खोर विराप नावाचा मठ आहे. मी गेलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि समोर अख्खा अरारात दिसत होता. आर्मेनियाच्या राजचिन्हावरचा हा डोंगर आहे तुर्कियेत. खाली द्राक्षमळे, त्यांच्यापुढे सीमेचं कुंपण. आमच्या टॅक्सीवाल्या आजोबांनी अंगातलं जॅकेट दाखवलं, तुर्की बनावटीचं. जॉर्जियाला वळसा घालून आलेलं! व्यापार असा आडवाटेनं चालूच आहे.

तुर्कियेनं १९९१ मध्ये आर्मेनियाला मान्यता दिली, पण राजनैतिक संबंध जोडलेच नाहीत. एप्रिल १९९३ मध्ये आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचं केल्बाजार घेतलं आणि तुर्कियेनं सीमा बंद केली. तुर्कियेतलं कार्स आणि आर्मेनियातलं ग्युम्री यांना जोडणारी रेल्वेही तेव्हाच थांबली. २००८ मध्ये तुर्कियेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला गुल फुटबॉल सामन्यासाठी येरेवानला गेले, पुढच्या वर्षी झुरिकमध्ये संबंध जोडण्याच्या करारावर सह्याही झाल्या. अझरबैजान बिथरलं, तुर्कियेनं पाय मागे घेतला आणि करार संसदेत अडकला. ‘एक राष्ट्र, दोन देश’ असं तुर्किये आणि अझरबैजान स्वतःबद्दल म्हणतात, ते काही उगाच नाही.

१९१५ मध्ये ओटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या वंशसंहाराचं काय, असंही कुणी विचारेल. त्याची कबुली तुर्कियेनं द्यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तोवर रस्ता बंद राहिला तर झळ ग्युम्रीच्या माणसालाच बसते. आर्मेनियाच्या पाशिनयान सरकारनंही ती संबंध जोडण्याची अट ठेवलेली नाही.

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादाचा प्रदेश म्हणजे काराबाख. तो अझरबैजाननं सप्टेंबर २०२३ मध्ये लष्करी बळावर घेतला आणि हा अडसर फार क्रूरपणे दूर झाला. लाखाहून जास्त आर्मेनियन काही दिवसांत घरंदारं सोडून निघाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला आर्मेनिया-अझरबैजान शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं झाली. अंतिम सहीसाठी मात्र आर्मेनियानं आधी राज्यघटना बदलावी, असा अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष अलियेव यांचा आग्रह. ती सही होईपर्यंत तुर्कियेचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान सीमा पूर्ण उघडतील, असं मला वाटत नाही. तिसऱ्या देशांच्या नागरिकांसाठी ती उघडायचं जुलै २०२२ मध्येच ठरलं होतं. तीन वर्षांनंतरही तेवढंसुद्धा झालं नव्हतं.

तरी आशा वाटते ती दोन्ही देशांच्या सीमेवरच्या मार्गाराच्या पुलामुळे. तुर्कियेतल्या फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तीस वर्षांत पहिल्यांदाच तो उघडला आणि आर्मेनियाचे मदतीचे ट्रक तुर्कियेत गेले. त्याच वर्षी आर्मेनियानं तिथली चौकी नव्यानं बांधून काढली.